आवाजाची रजा

मंगळवार, ४ मार्च

सकाळी अकराला मनीच्या घरी पोचले. मनी म्हणजे माझी मुलगी, एकुलती एक. लहानपणी मांजरीसारखी पाय न वाजवता चालायची म्हणून मनी. आता चाळिशी आली तरी मनीच. तिचा आवाज गेलाय. शुक्रवारी दुपारी काम करता करता गेला, तो परत आलेला नाही. जावई परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा येतात. त्यांचा फोन आला, "आई, तुम्ही जाऊन राहाल का थोडे दिवस?" मी पिशवी भरली.

चौतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. तिथे ड्यूटीवर काय काय घडलं ते वहीत लिहून ठेवायची शिस्त होती. इथे आल्याआल्या वाटलं, हीसुद्धा ड्यूटीच. म्हणून ही वही.

पेशंटची स्थिती : ताप नाही. जेवण बरं. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून घसा आतून पाहिला, सगळं ठणठणीत आहे म्हणाले. "मग आवाज का नाही?" असं मी मनीला विचारलं. तिने कागदाच्या चिठ्ठीवर लिहून दाखवलं, "ताण." एवढंच. एकवीस दिवसांची रजा मिळाली आहे. चोविसाला, सोमवारी हजर व्हायचं.

ताण! कुणी वाचणार नाही म्हणून लिहिते, मला हसूच आलं. घरातल्या घरात काम. डोक्यावर पंखा, पाठीला उशीची खुर्ची, चहा हाताशी. आमच्या बोर्डावर चाळीस जणी स्टुलांवर ओळीने बसायचो आणि पाठीमागून सुपरवायझर बाई बूट वाजवत फिरायच्या. मोरीवर जायचं तर आधी चिठ्ठी द्यावी लागे. मनीच्या वेळी आठव्या महिन्यापर्यंत मी बोर्ड सोडला नव्हता. पोट आडवं यायचं म्हणून तिरकी बसायचे. ताण हा शब्द आमच्याकडे फक्त कपडे वाळत घालायच्या दोरीला होता.

बुधवार, ५ मार्च

घरात चिठ्ठ्यांचा पाऊस. "दूध उतू जातंय." "भुंग्याची वेणी घाल." भुंगा म्हणजे नात, वय वर्षं नऊ. दिवसभर तोंडाने काहीतरी गुणगुणत असते म्हणून भुंगा. आई बोलत नाही तर ही दोघींच्या वाटचं बोलते.

मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, तीन वेळा. फरक नाही.

शुक्रवार, ७ मार्च

मनी औषधं आणायला खाली गेली तेव्हा तिची कामाची खोली झाडायला घेतली. खोली कसली, अडगळीची जागा. एक टेबल, एक खुर्ची, लॅपटॉप, आणि कानाला लावायचं ते यंत्र, तोंडापुढे वाकडी दांडी असलेलं. हलकं केवढं! आमचं लोखंडी होतं. दुपारपर्यंत डोक्यावर वळ उठायचा. माझा डावा कान त्यानेच नोकरीच्या दहाव्या वर्षी गेला. मी त्याचा कधी बाऊ केला नाही. उलट सोयच झाली, उजवा कान उशीत दाबला की जगबुडी आली तरी झोप मोडायची नाही.

भिंतीवर मनीने स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे. "हसून बोल. हसू ऐकू येतं." खाली : "तीन सेकंदांपेक्षा जास्त गप्प राहू नकोस."

मला हे आवडलं. पोरगी शिस्तीची आहे, माझ्यावर गेली आहे.

काम काय, तर वेगवेगळ्या हॉस्पिटलांचे फोन हिच्या कंपनीकडे येतात. कुणाला डॉक्टरांची वेळ हवी, कुणाला तपासणीची तारीख, हिने पडद्यावर बघून सांगायची. म्हणजे माझंच काम की! फक्त बोर्डाच्या भोकात खुपसून फोन जोडायच्या त्या दोऱ्या नाहीत. मला उगाच अभिमान वाटला आणि त्याबरोबर असंही वाटलं, एवढ्याशा कामाने आवाज जातो कसा.

सोमवार, १० मार्च

आज जरा बिनसलं.

दुपारी मी आडवी झाले होते आणि भुंगा शेजारी बसून गुणगुणत होती. मी म्हटलं, "गप गं जरा. तुझी आई चार वर्षांची होती, तेव्हा मी रात्रपाळी करून सकाळी झोपायचे. ती एकटी दिवसभर खेळायची, पण घरात कुणी मूल आहे हे शेजारणीलाही कळायचं नाही. भातुकलीची भांडी वाजू नयेत म्हणून खाली फडकं अंथरायची. अशी शहाणी."

हे मी कौतुकानेच सांगत होते. मनी दारात उभी होती. तिने चिठ्ठी लिहिली आणि माझ्या हातात न देता उशीवर ठेवली.

"मला डांग्या खोकला झाला होता तेव्हा मी कपाटात जाऊन खोकायचे. गोधडी तोंडात धरून."

मी म्हटलं, "तुला डांग्या खोकला कधी झाला होता?"

तिने चिठ्ठी उचलली, चुरगळली आणि स्वयंपाकघरात गेली.

मला खरंच आठवत नाही. खोकला झाला असता तर मला कळलं नसतं का? मी आई आहे. लहानपणीच्या गोष्टी मुलं वाढवून सांगतात.

गुळण्या दोनदाच झाल्या.

गुरुवार, १३ मार्च

भुंग्याचं पोट दुखतंय, शाळेला जात नाही म्हणाली. जीभ पाहिली, पोट दाबलं, काही नाही. मी म्हटलं, "सोंग आहे. आम्हाला पट्टी पडायची हातावर, तरी जायचो."

"आजी, पट्टी किती वेळ दुखायची?"

"असेल पाच-दहा मिनिटं."

"मग बरं होतं," ती म्हणाली.

शाळेचं काहीतरी फोनमध्ये आहे म्हणे. वर्गात चुकलं की बाई तिथे उणे टाकतात आणि तेव्हाच मनीच्या फोनवर टिंग वाजतं. घरी यायच्या आत घरी समजलेलं असतं. गुरुवारी तोंडी गणित, म्हणून गुरुवारी पोट. मी तिला सांगितलं, माझ्या प्रगतिपुस्तकावर बापाची सही मीच करायचे. हसता हसता तिची गुणगुण सुरू झाली. मग एकदम थांबून म्हणाली, "पण आता सही नसतेच."

पोराबाळांना इतकी भीती कशाची? कुणी अंगाला हातही लावत नाही यांच्या.

पाठवलं शाळेत. दुपारी मनीचा फोन दोनदा टिंग वाजला. मनीने तो उलटा करून ठेवला. मग चौथ्यांदा चहा ठेवला. चहा जास्त होतो तिचा, कमी करायला हवा.

रविवार, १६ मार्च

जावई काल आले, आज संध्याकाळी परत जातील. भला माणूस. मनी आणि भुंगा बाजारात गेल्यावर मी त्यांना विचारलं, "अहो, तुम्हाला काय वाटतं? नोकरी टिकेल ना हिची?"

त्यांनी कप खाली ठेवला. म्हणाले, "आई, गेले चार महिने काम संपलं तरी ती त्या खोलीतून बाहेर यायची नाही. दिवा बंद करून अर्धा-अर्धा तास बसायची. मी फोनवर विचारलं तर म्हणायची, आता कुणाशी काही बोलायला नको."

"दमत असेल. मीही दमायचे."

"तुम्ही दमायचात तेव्हा काय करायचात?"

मी विचार केला. आम्ही सुटल्यावर सात-आठ जणी फाटकाशी उभ्या राहून सुपरवायझर बाईंच्या नकला करायचो. पोट दुखेपर्यंत हसायचो, मग घरी. मी जावयांना सांगितलं तसं.

"हिच्या फाटकाशी कुणीच नाही," ते म्हणाले.

बरं बोलतात, पण जरा कवीसारखं. बायकोला धीर द्यायचा सोडून हे असं.

मंगळवार, १८ मार्च

आज भयंकर राग आलाय.

चार वाजता भुंगा शाळेतून यायची म्हणून मनी खाली गेली. वीस मिनिटं झाली तरी वर येईनात म्हणून मी जिना उतरले. मधल्या वळणावर पोचले तर आवाज आला. "नऊ साते?" भुंगा म्हणाली, "त्रेसष्ट." "नऊ आठे?" "बहात्तर." नऊ साते विचारणारा आवाज मनीचा होता. बसका, घोगरा, पण चांगला मोठा. तिला चांगलं बोलता येतंय!

मी तशीच वर आले. पाच मिनिटांनी दोघी आल्या. मनीने मला चिठ्ठी दिली, "चहा ठेवू?"

मी चिठ्ठी परत केली आणि मान हलवली.

दोन आठवडे मी गुळण्यांचं पाणी उकळतेय. दोन आठवडे घर, बाजार, भुंगा बघतेय. आणि ही कामचुकार! चौतीस वर्षांत मी खोटी रजा कधी घेतली नाही. सासूबाई गेल्या तेव्हा तेराव्या दिवशी बोर्डावर होते. हातचं काम सोडून घरी बसायला आमच्यात कुणी शिकवलं नाही, मग हिला कुणी शिकवलं?

आणि राहून राहून दुसरंच डाचतंय. पोरीशी बोलते. नवऱ्याशी कदाचित बोलली असेल. मग माझ्याशी का नाही?

बुधवार, १९ मार्च

रात्रभर विचार केला, सोक्षमोक्ष लावायचाच. पण तिला विचारण्याआधी ठरवलं, ते काम असतं तरी कसं ते आपण बघू. हातच्या काकणाला आरसा कशाला? तिच्या खोलीतल्या कागदावर कंपनीचा नंबर होता. मनी आंघोळीला गेल्यावर बाल्कनीत जाऊन फोन लावला.

आधी यंत्र बोललं. एक दाबा, चार दाबा. मग गाणं. मग, "आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे." हे एकोणतीस वेळा ऐकलं, मी मोजलं. आमच्या बोर्डावर एवढा वेळ लाल दिवा चालू राहिला असता तर बाईंनी चामडी लोळवली असती. बेचाळीस मिनिटांनी एक मुलगी आली.

"नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?"

मी म्हटलं, गुडघा दाखवायचाय. खोटं नाही ते, दुखतोच. तिने पुढच्या महिन्याची शेवटची तारीख सांगितली. मी म्हटलं, "लवकरची नाही का?" नाही. "मग मला जरा डॉक्टरांच्या खोलीत जोडून द्या, मीच बोलते."

"माफ करा, ती सोय उपलब्ध नाही."

"डॉक्टर तुमच्या जवळच बसतात का?"

"माफ करा, ते मी सांगू शकत नाही."

मला एकाच कानाने ऐकू येतं, पण त्या कानाने फोनवरचा श्वास मी आजही ओळखते. पोरगी हसून बोलत होती आणि दोन वाक्यांच्या मध्ये श्वास घेत नव्हती. नाक चोंदलेलं होतं. नुकती रडलेली असावी, नाहीतर रडू आवरत असावी. आम्ही शेजारणीचा असा आवाज ऐकला की तिची दोरी आपल्या बोर्डावर घ्यायचो, म्हणजे तिला दोन मिनिटं मिळायची.

मी म्हटलं, "बाळ, पाणी प्यायलीस का गं सकाळपासून?"

पलीकडे एकदम सामसूम. चार-पाच सेकंद काहीच नाही. मग ती घाईघाईने म्हणाली, "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?" आणि फोन यंत्राकडे गेला. सेवा कशी वाटली, एक ते पाचमधला आकडा दाबा. मी पाच दाबला. जोरात दाबला.

बरं वाटलं. आज कुणाला तरी दोन गोड शब्द मिळाले.

राग थोडा उतरलाय. का ते सांगता येत नाही.

गुरुवार, २० मार्च

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

भुंगा शाळेत गेल्यावर आम्ही दोघी भाजी निवडत बसलो. मी सहज सांगावं तसं कालच्या फोनचं सांगितलं. पाणी विचारलं इथपर्यंत आले आणि मनीच्या हातातली सुरी खाली पडली.

"किती वेळ गप्प होती ती?"

बोलली. तोंडाने बोलली. घोगऱ्या आवाजात.

मी म्हटलं, "चारेक सेकंद."

"चार सेकंद म्हणजे लाल खूण, आई. आणि कामाबाहेरचं बोलणं. ते सगळं रेकॉर्ड होतं. आज तिला बोलावून ऐकवतील आणि विचारतील, तू का थांबलीस."

"पण मी पाच दिले!"

"पाचाचं काही नाही. पाच असायलाच हवेत."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कधी न पाहिलेल्या पोरीचं मी काय करून बसले! तेवढ्यात मनीच्या लक्षात आलं की ती बोलते आहे आणि मला नवल वाटलेलं नाही.

"तुला माहीत होतं."

"परवापासून. जिन्यात ऐकलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू नाही बोललीस म्हणून."

तिने सुरी उचलली. मग तिने सांगितलं. आवाज रविवारी आला, नवऱ्याला हाक मारताना अचानक. पण आवाज आला असं कळलं की ते यंत्र कानाला लावायचं. "आणि तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, चल, ऊठ, कामाला लाग."

मी तेच म्हणाले असते.

मग तिने फोनवरच्या एका आजोबांचं सांगितलं. आजोबा कुठले ते तिला माहीत नाही, पाहिलेलं नाही. बायकोच्या पोटात दुखायचं, मोठ्या यंत्रावर तपासणी करायची होती. पडद्यावर पहिली रिकामी तारीख अडीच महिन्यांनंतरची होती. मनीने ती सांगितली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. हिचं नाव सांगून, हिच्यासाठी तास-तास थांबून ते हिच्याशीच बोलायचे. "ती गोड आवाजाची मुलगी द्या." रोज विचारायचे, कुणी तारीख सोडली का? हिने वर कळवलं, तर उत्तर आलं, विनंती प्रक्रियेत आहे. तेच हिने रोज हसून सांगायचं. असे अकरा दिवस.

"बाराव्या दिवशी म्हणाले, तारीख नको आता. दुसऱ्या कुणाला तरी द्या. मी काय झालं विचारलं नाही, ते विचारायची परवानगी नसते. मी म्हटलं, आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?" मनी भाजीच्या देठांकडे बघत होती. "ते म्हणाले, नको बेटा, तू फार चांगलं बोलायचीस. आणि जाताना पाच दाबून गेले. त्या आठवड्याचा सगळ्यांत चांगला आकडा माझा होता. ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या पाठवल्या. पण ते नंतर. आजोबांचा फोन संपल्यावर सहा सेकंदांत पुढचा आला आणि मला नमस्कार म्हणता येईना."

मी काय बोलले ते आता लिहायलाही बरं वाटत नाही. मी म्हटलं, "मी असते तर जोडून दिला असता डॉक्टरांना. एकदा एका बाईची आई शेवटच्या घटका मोजत होती. मी पन्नास जणांना मागे ठेवून तिचा फोन आधी लावला. मेमो मिळाला मला. मी तो अजून जपून ठेवलाय."

मनी रागावली नाही. ती म्हणाली, "तुझ्या हातात दोरी होती, आई. भोक समोर होतं. मी कुठे जोडणार होते? माझ्यासमोर फक्त तारखा होत्या."

ज्याचं जळतं त्यालाच कळतं म्हणतात. याच वहीत मी पहिल्या दिवशी काय लिहिलं ते मघाशी वाचलं. लाज वाटली. अगदी सगळी नाही म्हणणार. अजूनही वाटतं, हिने एकदा तरी कुणावर ओरडायला हवं होतं. पण ओरडायला समोर माणूस लागतं, आणि ते कुठे बसतं हे त्या पोरीलाही काल सांगता आलं नाही.

शुक्रवार, २१ मार्च

सकाळी दहा वाजता मनीचा फोन वाजला. ती आत भुंग्याला काहीतरी वाचून दाखवत होती, आज शाळेला सुट्टी. मी उचलला.

"मी तिची टीम लीडर बोलतेय. सोमवारी हजर होणार आहेत ना? आवाज कसा आहे?"

मी म्हटलं, "मी तिची आई. आवाज नाही अजून."

चौतीस वर्षांत ड्यूटीच्या बाबतीत खोटं बोलले नव्हते. तोंडातून कसं सहज निघालं! ती बाई म्हणाली, "मागे कोण बोलतंय मग?"

आत मनी चांगली रंगात येऊन राक्षसाचा आवाज काढत होती.

"माझी दुसरी मुलगी," मी म्हटलं. "ती बोलते."

टीम लीडरने सोमवारी पाचपर्यंत डॉक्टरांचा नवा कागद मागितला. कागद नाही तर जागा भरली जाईल. तिचाही आवाज पोरसवदा होता, आणि तीही वाक्यांच्या मध्ये श्वास घेत नव्हती. पण पाणी प्यायलीस का, हे आता मी कुणाला विचारणार नाही.

मला वाटलं होतं मनी खूष होईल. ती दारात उभी राहून सगळं ऐकत होती. म्हणाली, "खोटं कशाला बोललीस? आता मी बोलले तरी खोटी ठरणार."

"मग काय करायला हवं होतं? हजर होते म्हणून सांगायचं?"

"मला द्यायला हवा होतास फोन!"

"तू चिठ्ठी लिहिणार होतीस का तिला?"

मग भांडण झालं. खरं भांडण, तिच्या लहानपणीही झालं नव्हतं असं. तिने कपाट काढलं, खोकला काढला, मी एकटीने तिला कशी वाढवली ते काढलं. म्हणाली, "तुला माझं काहीच ऐकू आलं नाही कधी!" मी म्हटलं, "उजव्या कानावर झोपायचे मी! डावा गेला होता, तुला माहीत आहे!" ती एकदम थांबली. तिला माहीत नव्हतं. डावा कान गेल्याचं मी तिला कधी सांगितलंच नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. कळलं असतं तर बोर्डावरून काढलं असतं मला.

"म्हणजे मी कपाटात गेले नसते तरी..." ती म्हणाली.

भुंगा मधल्या दारात उभी होती. गुणगुणत नव्हती. तिला जवळ घेतलं. जेवणं तीन वाजता झाली, गार.

सोमवार, २४ मार्च

शनिवार-रविवार मी तिला एकच सांगत होते, डॉक्टरांचा कागद आण, रजा वाढव, तेवढ्यात काहीतरी होईल. जावई फोनवर म्हणाले, तुला झेपेल ते कर, आपण बघू. हे म्हणायला सोपं. नोकरी सोडणं म्हणजे काय ते मला माहीत नाही, मी कधी सोडली नाही. भीती वाटते. एका पगारात कसं व्हायचं, भुंग्याचं काय, आणि घरी बसून ही आणखी खचली तर?

आज सकाळी मनीने स्वतःच फोन लावला. टीम लीडरचा नंबर उचलला जात नव्हता, म्हणून आतल्या लोकांसाठीच्या नंबरवर. तिथेही गाणं. आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. मी शेजारी बसून होते. पंचवीस मिनिटांनी कुणीतरी आलं.

मनी म्हणाली, "माझा आवाज परत आलाय. शुक्रवारी आईने नाही म्हणून सांगितलं, ते खरं नव्हतं. मी त्या टेबलावर परत बसू शकत नाही. दुसरं न बोलायचं काम असेल तर द्या, नसेल तर मी सोडते."

दुसरं काम नव्हतं. असेल तर कळवू म्हणाले. कळवणार नाहीत, एवढं मलाही समजतं.

फोन ठेवल्यावर मनीला उलटी झाली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. चांगलं केलंस असं म्हणायचं फार मनात होतं, पण चांगलं झालं की वाईट ते मला कळत नाही आणि तिला खोटं कळतं. म्हणून नुसता हात फिरवला.

बुधवार, २६ मार्च

दुपारी कंपनीचा माणूस सामान न्यायला आला. हातात यादी. लॅपटॉप, वायर, कानाचं यंत्र. तरुण होता, घामाघूम, बसा म्हटलं तरी बसेना, अजून सहा घरं व्हायची होती. लॅपटॉप सुरू केला, यादीवर खुणा केल्या. मग म्हणाला, "मॅडम, हे एकदा कानाला लावून दहा सेकंद बोला. माइक चालू आहे एवढं मला नोंदवावं लागतं."

मनी खुर्चीच्या मागे उभी होती. बसली नाही. यंत्र हातात घेऊन बघत राहिली. तो म्हणाला, "काहीही बोला. एक-दोन-तीन म्हटलं तरी चालतं."

मी पुढे झाले. मी बोलते म्हणणार होते, दहा सेकंद काय, मी तास घेतला असता. पण मनीने ते कानाला लावलं, वाकडी दांडी तोंडापुढे आणली. पडद्यावर हिरवी रेघ सपाट होती.

"आजोबा," ती म्हणाली. रेघ हलली. "मला तारीख मिळाली नाही. मी विचारायला हवं होतं, आजी कशा आहेत. मी विचारलं नाही." मग ती थांबली. तीन सेकंदांपेक्षा नक्की जास्त थांबली. "मला माफ करा."

तो माणूस यादीत बघत होता. त्याने पडद्याकडे पाहिलं, खूण केली आणि म्हणाला, "ठीक आहे मॅडम. आवाज स्पष्ट येतोय. इथे सही करा."

मनीने सही केली. त्याने सगळं पिशवीत भरलं, पाणी मागितलं, उभ्यानेच प्यायला आणि जिना उतरून गेला. मी दार लावलं. मनी त्या रिकाम्या टेबलाशी रडत होती, मोठ्याने, शेजारी ऐकू जाईल इतकं. मी तिला गप्प केलं नाही.